डोकं दुखत असेल तर आधी तुम्ही बोला, दादा

हर्णैहून एका दादांचं पत्र आलंय. लांबलचक आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते.

"ताई नमस्कार. वय ४८, स्वतःची बोट आहे. १ जूनला मासेमारी बंदी लागली की आमच्या हाताला वेळ असतो, म्हणून यंदा आम्ही चार मित्र आणि माझा १९ वर्षांचा भाचा असे पाच जण जूनच्या शेवटी हिमाचलमध्ये हम्प्ता पास या खिंडीचा ट्रेक करणार आहोत. कळसूबाई झालंय, रायगड पायऱ्यांनी बऱ्याच वेळा, धाप फारशी लागत नाही. बीपीची गोळी चालू आहे पण कंट्रोलमध्ये आहे. ग्रुपमधला एकजण म्हणतो मनालीत एक दिवस फुकट कशाला घालवायचा, रात्रीच्या बसने सकाळी उतरायचं आणि तसंच ट्रेकला लागायचं. भाचा गेल्या वर्षी कॉलेजच्या ट्रिपला रोहतांगला गेला होता, तिथे त्याचं डोकं भयंकर दुखलं, उलट्या झाल्या, मनालीला परत आल्यावर संध्याकाळपर्यंत बरा झाला. सगळे म्हणाले बस लागली. बायको म्हणते कापूर न्या, हुंगला की ऑक्सिजन मिळतो. उंचीवरच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी का? आणि खरं सांगू का, मला माझी भीती नाही. तो पोरगा बोलत नाही. काहीही झालं तरी 'ठीक आहे मामा' एवढंच म्हणतो."

दादा, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते शेवटचं आहे, त्याच्याकडे मी येतेच, पण आधी तो मनालीचा दिवस, कारण तो कापायचं ठरलं आणि तिकिटं निघाली की मग काही करता येत नाही.

तो दिवस कापू नका. उलट जमलं तर अजून एक वाढवा.

कारण सांगते. तुम्ही राहता समुद्राच्या काठावर, म्हणजे उंची शून्यच धरा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि तो हर्णैच्या बंदरातही २१ आणि हम्प्ता पासवरही २१, त्यात फरक नाही. फरक पडतो हवेच्या दाबात. वर जाल तसा दाब कमी होतो आणि एका श्वासात छातीत येणारी हवाच विरळ होते. मनाली साधारण २०५० मीटरवर आहे, तिथे दाब समुद्रकिनाऱ्याच्या पाऊण पट किंवा थोडा जास्त. बालू का घेरा नावाचा कॅम्प लागतो तो ३६०० मीटरच्या आसपास, तिथे दोन तृतीयांशापेक्षा थोडा कमी. आणि पास ४२७० मीटर, तिथे साधारण ६० टक्के. म्हणजे तुम्ही इथे दहा श्वासात जेवढा ऑक्सिजन घेता तेवढ्यासाठी तिथे सोळा-सतरा घ्यावे लागतील, आणि तेही पाठीवर सॅक घेऊन बर्फात चढताना.

शरीर हे सगळं शिकतं, पण त्याला वेळ लागतो. श्वास जोरात घेणं लगेच सुरू होतं, पण त्याने रक्तात जो बदल होतो तो किडन्यांनी सावरायला दोन-चार दिवस जातात (म्हणूनच वर गेल्यावर लघवी जास्त होते, ते चांगलं लक्षण आहे, घाबरू नका) आणि रक्तातल्या लाल पेशी वाढायला तर आठवडे. या गोष्टीला घाई करता येत नाही, पैसे देऊन नाही, व्यायाम करून नाही.

आता तुमच्या मित्राच्या प्लॅनचा हिशोब करा. आदल्या दिवशी चंदीगड, रात्रभर बसमध्ये मान वाकडी करून झोप, सकाळी मनाली, दुपारी गाडीने जोब्रा (तिथून चालायला सुरुवात), आणि त्याच रात्री चिका कॅम्पला मुक्काम म्हणजे ३१०० मीटर. दीड दिवसापूर्वी तुम्ही समुद्राजवळ होतात. डॉक्टर लोक जे नियम देतात त्यात पहिल्याच रात्री २८०० मीटरच्या वर झोपणं हेच मुळात जोखमीचं धरलेलं आहे, आणि ज्याला आधी कधी उंचीचा त्रास झालाय त्याच्यासाठी जास्तच. आणि तुमच्यात असा एकजण आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की मनालीत दोन रात्री काढा. किंवा एक रात्र मनालीत आणि एक सेठनला, ते हम्प्ताच्याच वाटेवरचं छोटं गाव आहे, २७०० मीटरच्या आसपास, तिथे होमस्टे मिळतात. दिवसा जरा वर चालून यायचं आणि झोपायला खाली, हे सगळ्यात उत्तम. ३००० मीटरच्या वर गेल्यावर नियम असा की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम त्याच जागी. चिकाहून बालू का घेराला जाताना झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरने वाढते, म्हणजे नियमाची हद्द तिथेच गाठली जाते, आणि पास ओलांडायच्या दिवशी तुम्ही ४२७० ला चढून पलीकडे शिया गोरूला ३९०० च्या आसपास झोपता, मग सुरुवातीला तरी ढील ठेवा ना. सुट्टीचा एक दिवस वाचवणाऱ्या त्या मित्राला विचारा की बंदी दोन महिन्यांची आहे, घाई नक्की कसली आहे.

कळसूबाईचं बोलता तुम्ही. चढलात ते छानच, पाय आणि दम तयार आहेत हे त्यातून कळतं. पण कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक मनालीच्या बाजारापेक्षा खाली आहे. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, महाराष्ट्रात तेवढी उंची कुठेच नाही, त्यामुळे तुम्हाला कुणाला तो होईल हे इथे राहून कुणीही सांगू शकत नाही. आणि फिटनेसचा त्याच्याशी संबंध नाही हे कृपा करून डोक्यात घट्ट बसवा. रोज पळणारी, जिमला जाणारी पोरं आडवी होतात आणि पोट सुटलेला मास्तर हळूहळू चालत पास पार करतो, असं खूप वेळा बघितलंय मी. फिट माणसाचा धोका उलट जास्त असतो कारण तो भरभर चढतो आणि त्याला लाज वाटते सांगायची.

तरी तयारी करा, कारण दमलेल्या माणसाला थंडी लवकर लागते, पाय लवकर मुरगळतो, आणि डोकं नीट चालत नाही. हर्णैहून तुम्हाला जागा शोधायची गरजच नाही. आसूदला केशवराजच्या पायऱ्या आहेत, पहाटे सॅकमध्ये सात-आठ किलो पाणी भरून दोनदा-तीनदा वर-खाली करा, वर पोचलात की पाणी ओतून द्या म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार नाही. पुळणीत चालणं पोटऱ्यांना चांगलं. मे महिन्यात एक रविवार रसाळगडला द्या, सुमारगडपर्यंत जायचं तर वाटाड्या घ्या आणि पाणी भरपूर न्या, ती वाट सोपी नाही आणि मे मध्ये तर अजिबात नाही. बूट आत्ताच घ्या आणि या सगळ्या चालण्यात तेच वापरा, नवे कोरे बूट मनालीत पहिल्यांदा घातले की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आलाच समजा.

आता कापूर. वहिनींनी काळजीने दिला तर खिशात ठेवा, पण त्यांना सांगा की त्याने ऑक्सिजन मिळत नाही. कापराचा वास नाकाला गार लागतो म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. रक्तातला ऑक्सिजन एका थेंबाने वाढत नाही. माझा राग कापरावर नाहीये, राग याच्यावर आहे की माणूस कापूर हुंगत बसतो आणि खाली उतरायचे दोन-तीन तास वाया घालवतो. तो पोटात मात्र कुणी घेऊ नका, कापूर खाल्ला तर विषारी असतो. लसणाचं सूप प्या, गरम असतं, चांगलं लागतं, पण ते औषध नाही. स्प्रेच्या डब्यासारखा ऑक्सिजनचा कॅन विकतात तो काही मिनिटांत संपतो, त्यावर पैसे घालवू नका. खरा सिलेंडर ट्रेकवाल्यांकडे असायला हवा, आणि तोही माणसाला खाली नेताना वापरायचा, वरच बसून राहायला नाही.

डायमॉक्स. हे खरं औषध आहे, नाव ॲसिटाझोलामाइड, आणि ते शरीराला उंचीची सवय व्हायचं काम थोडं लवकर करून घेतं. लोक म्हणतात ना की त्याने लक्षणं झाकली जातात, तसं होत नाही. साधारण डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, वर जायच्या आदल्या दिवसापासून. पण ही गोळी तुम्ही दुकानातून आणून परस्पर सुरू करायची नाही, आणि तुमच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण बीपीच्या काही गोळ्या मुळातच लघवी वाढवणाऱ्या असतात आणि ही पण तशीच, दोन्ही मिळून अंगातलं पाणी आणि पोटॅशियम खाली जाऊ शकतं. तेव्हा दापोलीला तुमच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवा, ट्रेकची उंची मीटरमध्ये लिहून न्या, आणि स्पष्ट विचारा. वय ४८ आहे, ईसीजी आणि ते सांगतील तर स्ट्रेस टेस्ट पण करून टाका, हिमोग्लोबिन सगळ्यांनीच तपासा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी कुणाला असेल तर ते आधी सांगायचं. डॉक्टर हो म्हणाले तर घरीच दोन दिवस घेऊन बघा. बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, रात्री उठावं लागतं, हे माहीत असलं म्हणजे तिथे तंबूत कुणी घाबरत नाही. भाच्यासाठी मी डॉक्टरांना आवर्जून विचारायला सांगेन.

कारण भाच्याचं रोहतांग. बस लागली असेलही, मनालीपासूनच्या वळणांनी अर्धी बस ओकते. पण दादा, रोहतांग ३९७८ मीटरवर आहे, सकाळी २०५० वरून निघून दोन-तीन तासात तिथे, डोकेदुखी, उलट्या, आणि खाली आल्यावर बरं. हे उंचीच्या त्रासाचं अगदी पुस्तकातलं वर्णन आहे. बस लागलेल्या माणसाला परतीच्या त्याच वळणांवर पुन्हा लागायला हवी होती, त्याला एकट्याला गाठा आणि नीट विचारा, उतरताना काय झालं. डोकं कधी सुरू झालं, बसमध्ये की वर उतरून फिरल्यावर? पण उत्तर काहीही आलं तरी वर गेल्यावर नियम एकच, डोकं दुखतंय म्हणजे उंचीनेच दुखतंय असं धरायचं, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत.

आणि आता तुमचं ते वाक्य. "ठीक आहे मामा."

उंचीवर माणसं दगावतात ती बहुतेक वेळा याच वाक्याने. साधी सुरुवात असते, डोकं दुखणं, जेवण नकोसं वाटणं, मळमळ, गरगरणं, अंगात त्राण नसणं. दारू उतरताना होतं तसं, असं बरेच जण सांगतात. या पायरीला जो थांबला, तिथेच राहिला, पाणी प्यायला, पॅरासिटामॉल घेऊन झोपला, तो बहुतेकदा एक-दोन दिवसात बरा होऊन पुढे जातो. जो गप्प बसून वर चढला त्याचं पुढे काय होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आणि तो गप्प का बसतो, तर सगळ्यांचे पैसे भरलेत, सगळ्यांची सुट्टी आहे, माझ्यामुळे ग्रुप थांबायला नको. एकोणीस वर्षांच्या पोराला तर चार काकांच्या समोर डोकं दुखतंय म्हणणं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. तुम्ही त्याला शंभर वेळा "सांग हां काही झालं तर" म्हणालात तरी तो सांगणार नाही.

म्हणून आधी तुम्ही सांगायचं. रोज संध्याकाळी कॅम्पवर चहा घेताना पाचही जणांनी आपापलं बोलायचं, आणि सुरुवात तुम्ही करायची, वयाने मोठे आहात, मामा आहात. "माझं डोकं आज दहापैकी तीन दुखतंय, भूक नाही, रात्री झोप लागली नाही." खरं असेल तेच सांगा, नाटक नको, पण लपवू पण नका, तुमचंही दुखणार आहे थोडंफार, पहिल्या-दुसऱ्या रात्री बऱ्याच जणांचं दुखतं. मामा बोलला की भाचा बोलेल. आणि त्याला "ठीक आहेस ना" असं विचारूच नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. विचारा की किती दुखतंय आकड्यात सांग. आज किती वेळा लघवीला गेलास. त्याच्या ताटाकडे बघा, एरवी चार चपात्या खाणारा पोरगा अर्धीवर उठला तर ते उत्तर आहे. काल सगळ्यांच्या पुढे पळत होता आणि आज मागे रेंगाळतोय, बोलणं कमी झालंय, चिडचिड करतोय, हे पण उत्तर आहे.

ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी आहे, न्या हवं तर, पण त्याच्यावर भरवसा टाकू नका. ३६०० मीटरवर धडधाकट माणसाचा आकडा पण ८५-९० च्या घरात दिसतो, इथे तेवढा दिसला तर आपण ॲम्ब्युलन्स बोलावू, आणि गार पडलेल्या बोटावर तो काहीही दाखवतो. आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की तुम्ही बोट बाहेर काढत नाही, माझं इंजिन किती दणकट आहे असा वाद तिथे कुणी घालत नाही. उंचीवर डोकेदुखीसोबत मळमळ किंवा गरगरणं आलं की तो बावटा समजा. त्या दिवशी वर जायचं नाही. त्याच जागी मुक्काम. दुसऱ्या दिवशी पूर्ण बरं वाटलं तर पुढे, तसंच राहिलं तर थांबा, वाढलं तर खाली.

आता दोन गोष्टी अशा आहेत की ज्यात थांबणं पण नाही, सरळ खाली, रात्र असो की पाऊस असो. पहिली म्हणजे मेंदूला सूज. माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो, बडबडतो किंवा एकदम गप्प होतो, साधी गोष्ट कळत नाही. आमच्या एका ग्रुपमधल्या एका काकांना सकाळी जॅकेटची चेन लावता येईना, सारखी तीच तीच ओढत होते आणि हसत होते, बाकीच्यांना वाटलं मजा करतायत. त्यांना टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं तर तिसऱ्या पावलाला कलले. त्याच क्षणी दोघांनी धरून खाली नेलं म्हणून वाचले, दुपारपर्यंत बरेच शुद्धीवर आले होते. ही चालायची परीक्षा तुम्ही पाचही जण लक्षात ठेवा, फुकट आहे, अर्धा मिनिट लागतो, तंबूबाहेर सपाट जागा पाहिजे फक्त.

दुसरी म्हणजे छातीत पाणी. चढताना धाप सगळ्यांनाच लागते, पण बसल्या जागी, विश्रांती घेऊनही धाप जात नसेल, आडवं झाल्यावर गुदमरल्यासारखं होत असेल, कोरडा खोकला सुरू झाला असेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, तर थांबू नका. गुलाबी फेस येईपर्यंत तर अजिबातच नाही, तोवर फार उशीर झालेला असतो. हे बहुतेकदा उंचीवर गेल्यावर दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं आणि रात्रीच वाढतं, म्हणून "सकाळी बघू" हे शब्द तिथे वापरायचे नाहीत. अशा माणसाला उबदार ठेवा, शक्यतो चालायला लावू नका, उचलून किंवा खेचराने न्या, ऑक्सिजन असेल तर लावा, आणि निदान ३०० ते १००० मीटर खाली उतरेपर्यंत थांबू नका. या दोन्हींवर इंजेक्शनं-गोळ्या आहेत पण त्या जाणकाराने द्यायच्या, आणि दिल्या तरी खाली उतरणं टळत नाही. एकट्याला कधीही खाली पाठवायचं नाही आणि "झोपू दे त्याला जरा" म्हणून तंबूत एकटा सोडायचं नाही.

एक गोष्ट मात्र घाबरायची नाही. रात्री शेजारचा झोपेत श्वास मध्येच थांबवतो, मग एकदम जोरात ओढतो. उंचीवर हे खूप जणांना होतं, नुसतं तेवढंच असेल तर चिंता नको. झोपेची गोळी मात्र कुणी घेऊ नका.

आणि हे सगळं हम्प्तावर नेमकं कुठे ठरवायचं ते ऐका, कारण ही वाट एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरते. बालू का घेरापर्यंत मागे फिरणं सोपं आहे, आल्या वाटेने जोब्रा, तिथे गाडी, संध्याकाळी मनाली. एकदा पास ओलांडला की शिया गोरू, तिथे पण ३९०० मीटर, आणि गाडीरस्ता थेट दुसऱ्या दिवशी छत्रूला. म्हणजे पासच्या आदल्या रात्रीची ती चहाची बैठक सगळ्यात महत्त्वाची. त्या रात्री ज्याला त्रास आहे तो सकाळी पासकडे जाणार नाही. त्याच्याबरोबर खाली कोण जाणार हे हर्णैतच ठरवून ठेवा, नाव घेऊन, सगळ्यांसमोर. मला वाटतं भाच्यासोबत तुम्हीच जाल, तर ते त्याला आत्ताच सांगा, की तुला उतरावं लागलं तर मी तुझ्याबरोबर आनंदाने उतरणार आहे आणि आपण मनालीत ट्राउट खाऊ. त्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरेल.

ट्रेकवाल्यांना पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा की सिलेंडर आहे का, स्ट्रेचर आहे का, लीडरने प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलंय का, आजारी माणसाला खाली न्यायला वेगळा माणूस देता का की सगळा ग्रुप थांबतो. आणि जादा दिवस हातात ठेवलाय का. जो नीट उत्तर देत नाही, "काही होत नाही सर, लहान मुलं पण करतात" म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाही, परदेशातून कुणी आणून दिला तरी नेऊ नका. वहिनींकडे रोजच्या मुक्कामाची यादी, लीडरचा आणि ट्रेकवाल्यांच्या ऑफिसचा नंबर लिहून ठेवा, आणि छत्रूनंतर रेंज मिळायला उशीर होऊ शकतो हे पण सांगून ठेवा म्हणजे त्या उगाच घाबरणार नाहीत.

थंडीचं थोडं सांगते कारण कोकणातल्या माणसाला इथे चुकायला होतं. आपण भिजायला घाबरत नाही, चार महिने भिजतच असतो, पण आपल्याकडे भिजल्यावर हवा २६-२७ अंशांवर असते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे हर्णैत ३० असेल तेव्हा नुसत्या उंचीच्या हिशोबाने पासवर दोन-तीन अंश, त्यात वारा आणि पाऊस. तिथे भिजलेला सुती शर्ट अंगातली ऊब ओढून घेतो. बनियन, जीन्स, कॉटनचे मोजे घरी ठेवा. आत लवकर सुकणारा टी-शर्ट, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि एक पूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, जो फक्त तंबूत घालायचा, काही झालं तरी चालताना नाही. जून आहे म्हणून बर्फाचं काय, असं म्हणू नका. जून २०२४ मध्येच उत्तरकाशीच्या सहस्त्रताल ट्रेकवर २२ जणांचा ग्रुप बर्फाच्या वादळात अडकला आणि कर्नाटकातले ९ जण गेले. थरथरणारा माणूस थरथरायचा थांबला आणि तरी गारच आहे, तर ते बरं वाटणं नव्हे, ते जास्त वाईट आहे, त्याला लगेच कोरडं करून स्लीपिंग बॅगमध्ये घाला.

पासवर सकाळी लवकर पोचायचं आणि दुपारच्या आत उतरायला लागायचं, दुपारनंतर ढग भरतात. शिया गोरूला ओढा पार करावा लागतो, तो पण पहाटे, कारण दिवसभर बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं. तुम्ही पोहणारे आहात म्हणून हे जास्तच सांगते, ते पाणी पोहायचं नाही, गुडघाभर असलं तरी माणूस उलथवतं आणि पाय काही सेकंदात बधिर होतात. अनवाणी नको, पट्ट्याचे सँडल घाला, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, एकमेकांना धरून लीडर सांगेल तसं जा.

गॉगल चांगला घ्या, यूव्ही अडवणारा, रस्त्यावरचा नुसता काळा नको, त्याने डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण आणखी आत जातात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खाली पण.

खाण्यापिण्याचं, दिवसाला तीन-चार लिटर पाणी थोडं थोडं, मधूनमधून ओआरएस, आणि उगाच सात-आठ लिटर पण नको, त्याने रक्तातलं मीठ उतरतं. भूक मरते तिथे, म्हणून आवडीचं न्या. आंबापोळी, फणसपोळी, काजू, शेंगदाण्याचे लाडू, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, तासा-दीड तासाने एक तुकडा. संध्याकाळी मऊ भात आणि मेतकूट पोटाला झेपतं, मेतकुटाची पुडी घरून न्या. आणि तुमच्या मित्रांपैकी कुणीतरी बाटली घेणार आहे हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला माहीत आहे, ती छत्रूवरून मनालीला परत येईपर्यंत फोडायची नाही, दारूने झोपेतला श्वास मंदावतो आणि सकाळचं डोकं दारूचं की उंचीचं हे कुणालाच कळत नाही.

तर आता पहिलं काम, ट्रेकवाल्यांना फोन करून मनालीचा जादा दिवस पक्का करा. मग डॉक्टर, मे च्या पहिल्या आठवड्यातच, म्हणजे रिपोर्ट यायला आणि गोळीची ट्रायल घ्यायला वेळ मिळेल, भाच्यालाही बरोबर न्या. रोहतांगचं त्याला जाता-येता गाडीत विचारा, दोघंच असताना, त्याच्या आईसमोर नको.